सोयाबीनच्या मागे मागे

जपानला निघालेल्या मराठी कुटुंबाची बॅग एकदा उघडून पाहावी. कपड्यांच्या खाली मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, पातळ पोह्यांचा चिवडा आणि गरम पाणी ओतलं की तयार होणाऱ्या उपम्याची पाकिटं. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना तेवढीही तोशीस नाही. दिवसभर देवळं आणि बुलेट ट्रेन पाहून झाली की रात्री वरणभात मिळेल, हे माहितीपत्रकातच ठळक अक्षरांत छापलेलं असतं. देश पाहायचा तो डोळ्यांनी, जिभेला घरीच ठेवायचं, असा हा रिवाज. मराठीत जपानवर शंभरेक वर्षं लिहिलं जातंय. त्यात जेवण येतं ते बहुधा गैरसोय म्हणून किंवा गंमत म्हणून: कच्चा मासा, काड्यांनी खाताना उडणारी तारांबळ आणि मग भारतीय हॉटेलाचा शोध. कोरियाबद्दल तर परवापरवापर्यंत फारसं कुणी लिहिलंच नाही.

या पुस्तकाच्या लेखिका नाचणगावच्या. पुलगावला खेटून असलेलं, वर्धा जिल्ह्यातलं हे गाव. घरचं वावर सोयाबीन, तूर आणि कपाशीचं. नवऱ्याच्या मोटारींच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आधी जपानात आइची प्रांतातल्या ओकाझाकीला आणि नंतर दक्षिण कोरियात उल्सानला त्यांचा मुक्काम झाला. दोन्ही शहरं सहलीच्या नकाशावर कुठे नसतात. पण ओकाझाकीत त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सोयाबीन मुरवणारी शेकडो वर्षांची कोठारं होती. आपल्याकडे जे पीक सोंगून, मळून, मार्केट यार्डात अडत्यापुढे ओतलं की आपला त्याच्याशी संबंध संपतो, ते तिथे लोक दोन-दोन वर्षं सांभाळतात आणि रोज तिन्ही वेळेला खातात, हे त्यांनी पाहिलं. इथून हे पुस्तक सुरू होतं. पुढची सगळी भटकंती त्या एका दाण्यामागची आहे.

त्यामुळे या पुस्तकात खाणं आणि आडवाटेची ठिकाणं असे दोन वेगळे विषय नाहीत. टोकियो आणि सोल इथे ताटात सगळं मिळतं, पण ते तिथे शिजतं फक्त, मुरतं दुसरीकडे. सोया सॉस एका बेटावर, मिसो एका नदीकाठी, मिरचीचं गोचुजांग डोंगरातल्या तालुक्याच्या गावी, टोफू समुद्राच्या पाण्यावर. चवीचा माग काढत निघालं की प्रसिद्ध शहरं मागे पडतात आणि नाव न ऐकलेली स्टेशनं लागतात. प्रवासवर्णनाची ही पद्धत मराठीत मला नवी वाटते आणि प्रस्तावना लिहायला मी तयार झालो तो त्यासाठीच.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने जपान-कोरियाच्या जेवणावर लिहावं, यात कुणाला विसंगती दिसत असेल तर थोडा इतिहास सांगायला हवा. मुंबई ते कोबे ही निप्पॉन युसेन काइशाची जहाजसेवा 1893 मध्ये सुरू झाली ती कापसासाठी, आणि तीत जमशेटजी टाटांचा मोठा वाटा होता. ओसाकाच्या गिरण्यांना आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस हवा होता. मुंबईत जपानी कापूस कंपन्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या आणि वऱ्हाड-मध्यप्रांताच्या मातीत पिकलेलं पांढरं सोनं जपानी चात्यांवर चढू लागलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्रांतिकार्याच्या ओढीने घराबाहेर पडले ते जपानमार्गे अमेरिकेला गेले आणि पुढे मेक्सिकोत मक्याचे शास्त्रज्ञ म्हणून नावाजले. 1933 साली दोन गोष्टी घडल्या. आयात कराच्या भांडणातून जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. व्यापाराचं दार लागत असताना दुसरं एक उघडलं म्हणायचं.

फुजी गुरुजींच्या निप्पॉनझान म्योहोजी संघाचे भिक्षू पुढे गांधीजींच्या आश्रमात राहिले. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्यांच्या ‘नम्यो हो रेंगे क्यो’ या मंत्राने होते. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला आणि सरकारने आश्रमातल्या जपानी साधूला उचलून नेलं. 1942 च्या जुलैत गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून जे खुलं पत्र लिहिलं, त्यात जपानच्या आक्रमणाचा निषेध करता करता या साधूची आठवण काढली आहे: तो गेला, त्याची छोटी डफली आणि प्रार्थना इथे राहिली. वर्ध्यात गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप याच संघाचा. आपल्याकडचे लोक तिथे रविवारी मुलांना घेऊन जातात, पांढऱ्या घुमटापुढे फोटो काढतात आणि परततात.

या इतिहासातला मला सर्वांत रुचकर वाटणारा भाग मात्र मगनवाडीतला. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ 1934 च्या अखेरीस स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्यातल्या बागेत त्याचं ठाणं झालं, जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक. घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, मधमाश्या यांचे प्रयोग तिथे चालत. 1935 मध्ये गांधीजींनी तिथल्या भटारखान्यात सोयाबीन आणवलं, आश्रमवासीयांना खाऊ घातलं आणि ‘हरिजन’मधून त्यावर लिहिलं. स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेलं धान्य गरिबाच्या ताटात जावं, हा हेतू. प्रयोग रुजला नाही. कारण उघड आहे: ते सोयाबीन डाळीसारखं शिजवायला गेले. शिजायला वेळखाऊ, वासाला उग्र आणि पचायला जड असं हे कडधान्य नुसतं उकडून खाण्याचं नाहीच. चीन, कोरिया, जपान यांना हे फार पूर्वी कळलं, म्हणून त्यांनी ते दळलं, गाळलं, विरजलं, आंबवलं. जपानी भिक्षू वर्ध्यात होते, सोयाबीनही वर्ध्यात होतं; दोघांची गाठ स्वयंपाकघरात पडायची राहून गेली.

पुढची कथा आपल्या डोळ्यांसमोरची. पिवळं सोयाबीन साठच्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांतून नव्याने आलं, मध्यप्रदेशात पसरलं आणि मग विदर्भात उतरलं. खरिपातली ज्वारी त्याने हटवली. शंभर दिवसांत हातात पैसा देणारं पीक म्हणून कास्तकाराने ते उचललं, पण ते कुणाच्या चुलीवर चढलं नाही. दाणा तेलगिरणीत जातो, तेल निघतं, उरलेली ढेप कोंबड्यांना आणि परदेशाला. घरात येतात त्या फक्त पाकिटातल्या सोयावड्या. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि त्या हंगामात बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल विकावा लागला, हे नाचणगावात कुणाला सांगावं लागत नाही. आपण जे पिकवतो त्याची चव आपल्यालाच ठाऊक नाही, ही या पुस्तकामागची खरी बोच आहे. लेखिका ती भाषण करून सांगत नाहीत. त्या सरळ वाटी पुढे करतात.

आता क्षेत्राची ओळख. जपान आणि कोरिया दोघांच्याही स्वयंपाकाचा पाया भात आणि आंबवलेलं सोयाबीन. आंबवण्याचं मूळ तंत्र चीनचं. तिथून वाटा फुटल्या आणि फरक पडला तो आंबवणाऱ्या जिवात. जपानने एक बुरशी निवडली, कोजी. भातावर, जवावर किंवा सोयाबीनवर ती मुद्दाम पेरतात. सोया सॉस, मिसो, साके, मिरिन, व्हिनेगर सगळं तिच्यावर उभं आहे. 2006 मध्ये तिथल्या पेयशास्त्रज्ञांच्या संस्थेने तिला राष्ट्रीय बुरशी म्हणून घोषित केलं. बुरशीला असा मान देणारा देश दुसरा कुठला असेल असं वाटत नाही. कोरियाने परंपरेने बी पेरलंच नाही; हवेतलं आणि तणसातलं जे येईल त्याला येऊ दिलं. त्यामुळे जपानी मिसो सौम्य, बेताचा, गावागावात ठरलेल्या चवीचा. आणि कोरियन द्वेनजांग दणकट, वासाला तिखट, घराघरात निराळा.

ओकाझाकीचा हाच्चो मिसो कसा होतो ते लेखिकेने जवळून पाहिलंय. त्यात तांदूळ नाही, जव नाही. निव्वळ सोयाबीन, मीठ, पाणी आणि कोजी. वाफवलेल्या सोयाबीनचे गोळे करून त्यांवर बुरशी वाढवतात आणि माणसाहून उंच अशा देवदाराच्या पिंपात भरतात. एका पिंपात सुमारे सहा टन. वर नदीतले गोटे रचतात, तेही सुमारे तीन टन, निमुळत्या ढिगासारखे. हे रचणं म्हणजे स्वतंत्र विद्या आहे आणि ती हाती यायला वर्षं जातात. भूकंपातही ढीग ढासळू नये अशी ती रचना. मग दोन उन्हाळे, दोन हिवाळे त्याला कुणी हात लावत नाही. बाहेर निघतो तो जवळजवळ काळा, घट्ट, किंचित तुरट-कडवट गोळा. याच शहरातल्या किल्ल्यात तोकुगावा इएयासु जन्मला, ज्याच्या घराण्याने अडीचशेहून जास्त वर्षं जपानवर राज्य केलं. पर्यटक आलेच तर किल्ला पाहतात आणि जातात.

कोरियन पद्धत त्यांनी नाचणगावात करून पाहिली, आणि पुस्तकातला तो भाग मी दोनदा वाचला. दिवाळीनंतर घरचं सोयाबीन रात्रभर भिजवून, दिवसभर शिजवून, उखळात कांडून त्याच्या विटा थापल्या. कोरियात त्यांना मेजू म्हणतात. या विटा भाताच्या तणसाने बांधून टांगायच्या असतात, कारण मुरवणारे जिवाणू तणसातच असतात. वर्धा जिल्ह्यात धान नावालाच. तणस भंडाऱ्याकडून मागवलं. थंडीभर विटा ओसरीत टांगल्या, वरून भेगाळल्या, पांढुरक्या झाल्या. मग मिठाच्या पाण्यात, मातीच्या रांजणात. वर तरंगायला कोळशाचा निखारा, सुकी लाल मिरची आणि कोरियन रीतीप्रमाणे वाळलेली बोरं. मिरची भिवापुरी. बोरं वावराच्या धुऱ्यावरची. कोरियन बोर ही आपल्या बोरीची चुलत बहीणच. दीड-दोन महिन्यांनी वरचं काळं पाणी काढून घेतलं तो सोया सॉस, खाली उरला तो द्वेनजांग. विदर्भाच्या उन्हात तो कोरियापेक्षा लवकर रंग धरतो. मी चाखला. वरणात चमचाभर घातला तर वरण ओळखू येत नाही, इतका तो बोलतो.

जपानी स्वयंपाकाचे प्रवाह ढोबळ मानाने सांगायचे तर एक मठाचा, एक दरबाराचा आणि चहाच्या विधीचा, एक रस्त्यावरचा आणि एक पश्चिमेकडून आलेला. इ.स. 675 मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर हंगामी बंदी घातली. ती नंतर शतकानुशतकं कधी पाळली, कधी चुकवली गेली. पण मासा, भाजी आणि सोयाबीन यांच्यावर स्वयंपाक पोसला गेला तो या मुशीत. 1237 मध्ये झेन आचार्य दोगेन यांनी मठातल्या आचाऱ्याने कसं वागावं यावर एक पुस्तिकाच लिहिली. चहाच्या विधीतून काइसेकीचं मोजकं, ऋतूनुसार मांडलेलं जेवण आलं. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, आजच्या टोकियोत सुशी, सोबा आणि तेंपुरा हे गाड्यावर उभ्याने खायचे पदार्थ होते. आज त्यांना जी प्रतिष्ठा आहे ती नंतरची. तेंपुरा तर सोळाव्या शतकात नागासाकीला आलेल्या पोर्तुगिजांकडून घेतलेला. 1872 मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि कटलेट, कोरोके, करी असे पदार्थ जपानी होऊ लागले. करी तिथे ब्रिटिशांकडून गेली. 1927 साली रासबिहारी बोस यांनी टोकियोच्या नाकामुराया दुकानात खरी भारतीय करी मांडली, तोवर जपानी माणूस पिठाने दाट केलेल्या करीच्या प्रेमात पडून चुकला होता.

प्रांतभेदही आहेत. पूर्वेला काळाभोर सोया सॉस आणि वाळलेल्या बोनिटो माशाचा अर्क, पश्चिमेला फिक्या रंगाचा सॉस आणि कोंबू या समुद्रशेवाळाचा. हा फरक इतका जिवंत की एका मोठ्या कंपनीच्या कपातल्या उडोनचा रस्सा पूर्व आणि पश्चिम जपानात वेगवेगळ्या चवीचा विकला जातो. त्याच कोंबूतून 1908 मध्ये किकुनाए इकेदा यांनी उमामीचं रासायनिक मूळ शोधलं.

कोरियात दरबार आणि मठ यांच्याबरोबर तिसरा बलवान प्रवाह खानदानी घरांचा. 1670 च्या सुमारास आंदोंग परिसरातल्या जांग ग्ये-ह्यांग या बाईंनी म्हातारपणी सुना-लेकींसाठी कोरियन लिपीत पाककृतींचं हस्तलिखित लिहून ठेवलं. बाईने लिहिलेलं कोरियातलं पाकशास्त्राचं जुन्यात जुनं पुस्तक ते हेच. त्यातल्या पदार्थांत मिरची नाही, कारण मिरची तेव्हा अजून स्वयंपाकात रुळली नव्हती. मिरची अमेरिकेतून निघाली, पोर्तुगिजांच्या हातून गोव्यात उतरली आणि जपानमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियात पोहोचली. 1614 च्या एका कोरियन ग्रंथात तिला जपानी मोहरी म्हटलंय. लाल किमची ही त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी रुळलेली गोष्ट. आपली ठेचा-भाकरीही तेवढीच अलीकडची. सावजी रस्सा खाऊन वाढलेल्या वैदर्भीय माणसाला कोरियन तिखटाची भीती घालू नये. गोचुजांग त्याला गोडच लागेल.

विसाव्या शतकाचा मोठा काळ कोरियाला उपासमारीचा गेला. 1910 ते 1945 जपानची वसाहत, मग फाळणी, 1950 ते 1953 युद्ध. उत्तरेतून पळून आलेल्यांनी प्योंगयांगच्या थंडगार शेवया दक्षिणेत आणल्या. अमेरिकी छावण्यांतल्या डबाबंद मांसातून ‘छावणीचा रस्सा’ तयार झाला. पीएल 480 खाली आलेला अमेरिकी गहू खपवण्यासाठी सरकारने पिठाचे पदार्थ खाण्याचा प्रचार केला आणि 1963 मध्ये सामयांगने पहिलं कोरियन झटपट रामेन बाजारात आणलं, जपानी तंत्र घेऊन. मोमोफुकु आंदो यांनी ओसाकात ते तंत्र काढलं होतं 1958 मध्ये. इथे 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्या शेवयांच्या पुड्यांसाठी आज पुलगावच्या किराणा दुकानात शाळकरी पोरं उड्या मारतात, त्या पुड्या टंचाईच्या पोटी जन्मलेल्या आहेत. लेखिकेने या पुड्यांना नाक मुरडलेलं नाही, आणि ते बरंच केलं.

एक तपशील मला अगदी अनपेक्षित होता. कोरियात मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला ज्वारीच्या पिठाचे गोळे उकडून, लाल चवळीसारख्या दाण्यांच्या भुकटीत घोळवून वाढतात. लाल रंगाने इडापिडा टळते म्हणून. ज्या ज्वारीला आपण सोयाबीनसाठी वावरातून काढलं, ती तिथे पाळण्याशेजारी आहे.

आता शाकाहाराचा प्रश्न, कारण पुस्तक हातात घेणाऱ्या निम्म्या वाचकांचा पहिला सवाल तोच असणार. खरं सांगायचं तर दोन्ही देशांत रोजचं जेवण शाकाहारी नाही. भाजीच्या वाटीतही बोनिटोचा अर्क असतो, किमचीत खारवलेली कोळंबी असते. वाट सापडते ती मठात. जपानात शोजिन र्योरी, कोरियात मंदिरान्न. कोरियन मठात पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत: लसूण, कांद्याची पात आणि त्यांचे भाऊबंद, आणि पाचवा हिंग. आपण चातुर्मासात कांदा-लसूण सोडतो आणि वरणाला हिंग जरा जास्त घालतो. तिथला भिक्षू त्यालाही नाही म्हणेल. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी कोरियन मठांनी पाहुण्यांना मुक्कामाला घ्यायला सुरुवात केली, ती व्यवस्था आजही आहे. जपानात कोयासान पर्वतावर पन्नासेक मठांत राहता येतं आणि तिथल्या थंडीत गोठवून वाळवलेला टोफू खाता येतो.

विदर्भातल्या वाचकाला कोयासान परकं वाटू नये. तिथल्या विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. इकडे दीक्षाभूमीच्या नागपुरात ओकायामाहून आलेले भदंत सुरेई ससाई साठच्या दशकापासून राहतात; कामठीचं ड्रॅगन पॅलेस 1999 मध्ये जपानी मदतीने झालं. धम्मामुळे जपानशी नातं सांगणारी हजारो घरं आपल्याकडे आहेत, आणि मराठी प्रवासवर्णनाने त्यांना वाचक म्हणून फार काळ गृहीतच धरलं नाही. हे पुस्तक धरतं.

मराठी माणसाने आजवर जपानकडे पाहिलं ते धडा म्हणून. महर्षी कर्व्यांना जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून कल्पना सुचली आणि 1916 मध्ये आपलं महिला विद्यापीठ निघालं. या धड्याचं याहून मोठं फळ नाही. पण पुढे धड्याची सवय झाली. वेळेवर येणारी गाडी, स्वच्छ रस्ते, राखेतून उभा राहिलेला देश: व्याख्यानमालांतून हे इतकं ऐकलंय की जपानी माणूस घरी काय खातो, कशावर चिडतो, हे विचारायचं राहून गेलं. पु. ल. देशपांड्यांच्या ‘पूर्वरंग’ने तिथल्या माणसांशी गप्पा मारल्या, म्हणून ते पुस्तक अजून वाचलं जातं. नंतर पुण्यात जपानी भाषेचे वर्ग भरले, ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर पु. लं.च्याच नावाचं उद्यान झालं, रांजणगाव-तळेगाव पट्ट्यात कोरियन कारखाने आणि त्यांच्यामागून कोरियन खानावळी आल्या. कोरिया तर धडा म्हणून आलाच नाही. तो मालिकांतून आणि गाण्यांतून आला, आणि घरातल्या मोठ्यांना न विचारता आला. त्यामुळे आज घरातली मुलगी ज्या देशाला ओळखते त्याची बापाला गंधवार्ता नाही. दोघांना एका ताटावर बसवायचा या पुस्तकाचा प्रयत्न आहे.

हे आत्ताच का, याचं एक उत्तर गर्दीत आहे. 2024 मध्ये जपानला 3 कोटी 68 लाख परदेशी पाहुणे आले, तोवरचा उच्चांक. क्योतोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्या त्याच वर्षी पर्यटकांना बंद करण्यात आल्या. दुसरीकडे 2023 च्या गणनेत जपानात 90 लाख घरं रिकामी निघाली. एका बाजूला पाय ठेवायला जागा नाही, दुसऱ्या बाजूला दार उघडायला माणूस नाही. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात नोतो द्वीपकल्पावरचा वाजिमाचा जुना सकाळचा बाजार जळाला. माशाचा सॉस मुरवणारे तिथले म्हातारे कारागीर पुन्हा उभे राहतील का, हा प्रश्न साधा नाही. आडवाटेला जाण्यात म्हणूनच नुसती हौस नाही.

ठिकाणांची निवड लेखिकेची आहे आणि तिच्यात पक्षपात आहे. तो मला आवडला. शोदोशिमा बेट, जिथे लाकडी पिंपांत सोया सॉस मुरतो आणि ती पिंपं बनवण्याची कला कारागिरांनी पुन्हा शिकून घेतली. युआसा, जिथे जपानी सोया सॉसचा जन्म झाला असं मानतात. कोरियात सुंचांगचं गोचुजांगचं गाव. गांगनुंगचा चोदांग भाग, जिथे टोफू समुद्राच्या पाण्याने विरजतात. भात आणि पंक्तीतल्या वाट्यांसाठी नावाजलेला जोल्ला प्रांत आणि त्यातलं जोंजू, जे 2012 पासून युनेस्कोच्या खाद्यनगरींत आहे. जोंजू आता आडवाट राहिलेलं नाही, शनिवारी तिथे चालता येत नाही. ते गाळलं असतं तर चाललं असतं असं मी लेखिकेला सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही.

आणखीही काही गोष्टींवर माझं त्यांच्याशी जमत नाही. हॉक्काइदो आणि ओकिनावा पुस्तकात जवळजवळ नाहीत. माशांवर त्या फार घाईने लिहितात. वर्धा नदीच्या काठावर वाढलेल्या बाईने एवढी घाई करू नये. तारा सुटणाऱ्या नत्तोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, त्यांचं कौतुक मला पटवून घेता आलं नाही. युनेस्कोच्या यादीचा उल्लेख जागोजागी येतो: जपानी जेवण आणि कोरियन किमची घालण्याचा सामुदायिक रिवाज दोन्ही 2013 मध्ये, कोरियन जांग, म्हणजे द्वेनजांग-गोचुजांग मुरवण्याची कला, आणि जपानी कोजीची मद्यकला दोन्ही 2024 मध्ये. अशा याद्यांनी सरकारं खूश होतात, पण रांजण भरायला माणूस मिळत नाही तो नाहीच, हे त्या स्वतःच एका प्रकरणात दाखवतात. मग यादीचा एवढा आदर कशाला? शिवाय आपलं सोयाबीन जपानला विकून भाव मिळेल अशी आशा या पुस्तकातून कुणी काढू नये. जपान आपलं बहुतेक सोयाबीन अमेरिका, ब्राझील आणि कॅनडातून आणतो, आणि ते गणित टनांचं आहे. इथे आहे ते पातेल्यापुरतं, फार तर बचतगटापुरतं.

पाककृती मोजक्या आहेत आणि वर्धा, पुलगाव, नागपूर इथे मिळणाऱ्या जिनसांवर बेतलेल्या आहेत. टोफूची कृती आधी करावी. सोयाबीनचं दूध फाडायला जपानी लोक वापरतात ती निगारी नसेल तर लिंबू चालतं, गाळून उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात जातो. द्वेनजांग करायचा तर कार्तिकात सुरुवात हवी, पावसाळ्यात विटा टांगायच्या नाहीत. प्रवासाच्या भागातले बस आणि बोटींचे वेळापत्रक पुस्तक छापून होईतो बदलेल, ते निघण्याआधी तपासावं. सुंचांगला जायचं तर थंडीत जावं. शोदोशिमाच्या कोठारांत शिरायच्या दिवशी मात्र सकाळी नत्तो खाऊन जाऊ नये. तिथले लोक तशी विनंती करतात, कारण नत्तोचा जिवाणू कोजीला मारक ठरतो. हा नियम मला तरी पाळायला अवघड जाणार नाही.

नाचणगाव, जि. वर्धा